व्यापारी गुपितांचे खटले: नव्या वकिलाने या कामात कसे शिरावे

नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटच्या आठवड्यात ग्राहकांच्या दरांची फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवली. महिन्याभरात तो स्पर्धकाकडे रुजू झाला आणि दोन जुने ग्राहक तिकडे वळले. कंपनीचे मालक वकिलासमोर बसून सांगतात, "आमचं सगळं चोरलं." या क्षेत्रातल्या वकिलाचे काम इथूनच सुरू होते आणि त्याचा पहिला प्रश्न असतो: "सगळं" म्हणजे नेमकं काय? या प्रश्नाचे धड उत्तर कागदावर आले नाही, तर पुढचा मनाई हुकूम, मोठे कौन्सेल (कोर्टात युक्तिवाद करणारे वकील), निवाड्यांचे जाडजूड कंपायलेशन यांतले काहीच उपयोगी पडत नाही. हे उत्तर काढून घ्यायला आणि मांडायला शिकणे हीच या क्षेत्रातली मुख्य तयारी आहे.

हा लेख कायद्याचे विद्यार्थी आणि सनद घेऊन दोन-तीन वर्षे झालेले ज्युनियर यांच्यासाठी आहे. संदर्भ भारतातला, आणि न्यायालयांच्या बाबतीत मुख्यतः महाराष्ट्रातला.

पायरी १: कायदा कुठे कुठे विखुरलाय ते समजून घ्या

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. तो अहवाल जरूर वाचा, विषयाचा नकाशा त्यात चांगला मिळतो. कोर्टात मात्र वेगवेगळ्या कायद्यांचे धागे एकत्र विणावे लागतात.

पहिला धागा कराराचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ धंदा किंवा नोकरी करण्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवते. गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग (१९६७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या मुदतीपुरते बंधन वैध मानले. नोकरी संपल्यानंतरच्या बंधनांबद्दल सुपरिंटेंडन्स कंपनी (१९८०) आणि झहीर खान यांच्याविरुद्धचा परसेप्ट डीमार्क (२००६) हे निवाडे वाचा. "दोन वर्षे स्पर्धकाकडे जाणार नाही" हे कलम बहुतेक वेळा टिकत नाही, गोपनीयतेचे कलम टिकू शकते. नवे वकील ही दोन कलमे एकाच प्रार्थनेत, म्हणजे कोर्टाकडे केलेल्या मागणीत, मिसळतात आणि पहिल्याच्या ओझ्याखाली दुसरेही बुडते.

दुसरा धागा विश्वासभंगाचा. करार नसला तरी गोपनीय म्हणून सांगितलेली माहिती वापरण्यास कोर्ट मनाई करू शकते. मुंबई उच्च न्यायालयाचा झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स (२००३) हा यातला पायाभूत निवाडा. त्याच्या शेजारी सारेगामाच्या मराठी झोंबीपटाविरुद्धच्या दाव्यातला २०२१ चा मुंबईचाच निवाडा ठेवा. पहिल्यात मनाई मिळाली, दुसऱ्यात नाकारली गेली. दोन्ही दाव्यांत माहितीचे वर्णन किती नेमके होते, याची ओळीओळीने तुलना करा. दहा व्याख्यानांतून कळणार नाही ते या एका अभ्यासातून कळेल.

बाकीचे धागे थोडक्यात. ग्राहकांची यादी किंवा डेटाबेस असेल तर कॉपीराइट (बर्लिंग्टन, दिल्ली, १९९५). संगणकातून परवानगीशिवाय माहिती काढली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमे ४३ आणि ६६. सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६. कलम ४३ खाली ५ कोटी रुपयांपर्यंतची भरपाई राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरपुढे मागावी लागते. तेवढ्या मागणीपुरता दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

गुपित म्हणजे काय, याची कसोटी बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे: माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सहज ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावे, आणि ती गुप्त राहावी म्हणून मालकाने वाजवी उपाय केलेले असावेत. तिसऱ्या अटीवर सर्वाधिक दावे अडखळतात. फाइल साऱ्या कर्मचाऱ्यांना खुली असलेल्या फोल्डरमध्ये पडून होती, हे उलटतपासात बाहेर आले की उरलेल्या दोन अटींवर कितीही बोलून फायदा नसतो.

पायरी २: पदवी, सनद आणि परीक्षा

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के लागतात. परीक्षा अवघड नाही, पण ती डोक्यावर लटकत ठेवू नका.

महाविद्यालयात बौद्धिक संपदेचा पेपर सगळे घेतात. या कामासाठी त्याहून महत्त्वाचे विषय आहेत दिवाणी प्रक्रिया संहिता, पुरावा आणि विशिष्ट साहाय्य अधिनियम. संहितेतले आदेश ३९ (मनाई हुकूम), आदेश ११ (कागद उघड करणे), आदेश २६ (कोर्ट कमिशनर) हे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजेत.

इंटर्नशिपचा क्रमही विचारपूर्वक ठेवा. आधी जिल्हा न्यायालयात किंवा सिटी सिव्हिल कोर्टात, जिथे साक्षी नोंदवल्या जातात. मग उच्च न्यायालयात कमर्शियल बाजू चालवणाऱ्या चेंबरमध्ये. शेवटी एखाद्या कंपनीच्या विधी विभागात, म्हणजे माहिती आतून कशी फिरते ते कळते. बरेच जण थेट मोठ्या फर्मकडे धावतात आणि तिथे महिनाभर निवाडे शोधून परततात. त्यांनी साक्षीदार कोसळताना पाहिलेला नसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी दबून जाण्याचे कारण नाही. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे रोज एक परिच्छेद इंग्रजी ड्राफ्टिंगचा सराव हवाच. पण कारखान्याच्या फोरमनकडून, स्टोअरकीपरकडून खरी हकिकत मराठीत काढून घेणे ही या कामातली मोठी ताकद आहे. प्रक्रियेतले खरे गुपित पुष्कळदा व्यवस्थापकीय संचालकापेक्षा त्यालाच नीट ठाऊक असते.

पायरी ३: पहिली जागा निवडताना

मुंबईत उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, सॉलिसिटर फर्म आणि कौन्सेल अशी विभागणी अजून जिवंत आहे. फर्ममध्ये तुम्ही अशील, कागद, प्रतिज्ञापत्र, सर्व्हिस (समोरच्याला कागद पोचवणे) हे शिकता. कौन्सेलच्या चेंबरमध्ये युक्तिवाद, संक्षेप, आणि कुठला मुद्दा सोडून द्यायचा ते शिकता. आमच्या मते पहिली दोन वर्षे कागद जिथे तयार होतात तिथे काढावीत. पुण्यासारख्या उद्योगांच्या शहरात कमर्शियल कोर्टात काम करणारे छोटे ऑफिसही उत्तम, कारण तिथे नोटिशीपासून उलटतपासापर्यंतची सगळी फाइल एकाच टेबलावर असते.

भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मुलाखतीत पैशांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: पहिल्या वर्षात मला किती दाव्यांचा पहिला मसुदा लिहायला मिळेल? उत्तर गुळमुळीत आले, तर पगार चांगला असला तरी विचार करा.

पायरी ४: पहिली फाइल हातात आल्यावर

मालकांची हकिकत ऐकण्याआधीच समोरच्या पक्षाची नावे विचारा आणि आपले ऑफिस त्यांच्यासाठी काम करत नाही ना, हे तपासा. एकदा गुपित ऐकले की ते न ऐकल्यासारखे करता येत नाही आणि दोन्हीकडची वकीलपत्रे सोडायची वेळ येते.

मग गुपितांचा तक्ता. प्रत्येक नोंदीसमोर सात रकाने ठेवा: माहिती काय आहे, कोणत्या फाइलमध्ये आहे, कधी आणि कोणी तयार केली, कोणाकोणाला उघडता येते, जपण्यासाठी काय केले, तिच्यामुळे धंद्यात नेमका कोणता फायदा होतो, आणि तिचा कोणता भाग आधीच बाहेर आहे. शेवटचा रकाना अशिलाला आवडत नाही. तोच भरून घेण्यासाठी सर्वाधिक वेळ द्या. कंपनीची वेबसाइट, माहितीपत्रके, टेंडरची कागदपत्रे आणि पेटंट अर्ज स्वतः चाळा. पेटंट अर्जात उघड केलेली प्रक्रिया गुपित राहत नाही.

"उत्पादन प्रक्रिया", "मार्केटिंग धोरण", "ग्राहकांची माहिती" असे शब्द तक्त्यात आले तर तो परत पाठवा. "अमुक रेझिन घट्ट होण्यासाठीचे तापमान व वेळ यांचे कोष्टक, अमुक फाइल, अमुक आवृत्ती" असे लिहिलेले हवे. दहा-पंधरा नोंदींपलीकडे यादी गेली की बहुधा भरताड शिरलेले असते. नॅव्हिगेटर्स लॉजिस्टिक्स (दिल्ली, २०१८) मध्ये तपशिलाविना केलेला गोपनीयतेचा दावा सुरुवातीलाच फेटाळला गेला. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या २००६ च्या खटल्यात, ग्राहकांशी असलेल्या ओळखी गुपिताच्या नावाखाली बांधून ठेवता येत नाहीत, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने घेतली.

तिसरे काम पुराव्याचे, आणि ते त्याच दिवशी. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. कर्मचारी गेल्यावर आयटी विभाग त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या माणसाला देतो. किंवा कोणीतरी उत्सुकतेने तो सुरू करून फाइली उघडून पाहतो आणि फाइली शेवटच्या कधी उघडल्या याच्या नोंदी बदलतात. समोरचा वकील मग विचारतो, "हे उघडलं कोणी, माझ्या अशिलाने की तुमच्या आयटीने?" म्हणून लॅपटॉप बंद असेल तर बंदच ठेवा, पाकिटात सील करा आणि कोणाकडून कोणाकडे गेला याची सहीनिशी नोंद सुरू करा. फॉरेन्सिक तज्ज्ञाकडून राइट-ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारे साधन) लावून डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या, हॅश मूल्य (मजकुरावरून काढलेला, त्यात बदल झाला की बदलणारा आकडा) त्याच वेळी लिहून घ्या आणि पुढचा तपास प्रतिमेवरच करा. ईमेल, सर्व्हर आणि यूएसबीचे लॉग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात. ते थांबवण्याची लेखी सूचना अशिलाला पहिल्याच बैठकीनंतर पाठवा.

इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण किंवा यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि हॅश मूल्य दोन्हीत येते. जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातल्या निवडणूक खटल्यात पक्की केली. ज्या आयटी व्यवस्थापकाने सही करायची तोच पुढच्या महिन्यात नोकरी सोडतो, असे नेहमी घडते. सही आजच घ्या.

चौथे काम तारखांचे. दिनांक, घटना, कागद असे तीन रकाने. तिसरा रकाना रिकामा असलेली घटना दाव्यात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

पायरी ५: कोर्ट निवडणे आणि दावा लिहिणे

करार पूर्ण वाचा, मागची पाने आणि जोडपत्रांसकट. लवादाचे कलम असेल तर दाव्याऐवजी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम संरक्षणाचा अर्ज करावा लागेल, आणि आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागेल. करारावर सही कोणत्या कंपनीची आहे, हेही पाहा. गटातल्या दुसऱ्याच कंपनीने नेमणूकपत्र दिलेले असते आणि दावा भलत्याच नावाने दाखल होतो.

कमर्शियल कोर्टासाठी दाव्याचे मूल्य किमान ३ लाख रुपये हवे. पण मूल्य पुरेसे नाही, वाद "व्यावसायिक वादा"च्या व्याख्येत बसला पाहिजे. त्या व्याख्येतल्या बौद्धिक संपदेच्या यादीत ट्रेडमार्क, कॉपीराइट, पेटंट, डिझाइन वगैरे आहेत, व्यापारी गुपित नाही. तुमचा वाद तंत्रज्ञान विकास करार, सेवा पुरवठा, भागधारक करार किंवा कॉपीराइट यांपैकी कशात बसतो, ते दाव्यातच स्वतंत्र परिच्छेदात लिहा. नुसत्या नोकरीच्या करारावर उभा असलेला दावा इथे हमखास आक्षेपाला सामोरा जातो. मुंबईच्या ओरिजिनल साइडवर दाव्याचे कारण अंशतः मुंबईबाहेर घडले असेल, तर लेटर्स पेटंटच्या (उच्च न्यायालयाच्या मूळ सनदेच्या) कलम १२ ची परवानगी आधी घ्यावी लागते.

कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ नुसार तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन (२०२२) नंतर ती न केलेला दावा फेटाळला जातो. तातडी दाखवायची तर वेळ दवडू नका. माहिती गेल्याचे कळून चार महिने नोटिसांची देवाणघेवाण करत बसलेल्या अशिलाला तातडी सिद्ध करणे जड जाते.

मनाई हुकुमाची प्रार्थना अरुंद ठेवा. "प्रतिवादीने वादीची कोणतीही गोपनीय माहिती वापरू नये" ही मागणी मान्य झाली तरी अंमलात आणता येत नाही, कारण भंग कशाचा झाला तेच सांगता येत नाही. गुपितांच्या तक्त्याला निशाणी देऊन "निशाणी क मधील नोंद १ ते ७" असे लिहा. तो तक्ता बंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा आणि खुल्या प्रतीत फक्त शीर्षके ठेवा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या नियमांत गोपनीयता क्लबची तरतूद आहे, म्हणजे ठरलेले वकील व तज्ज्ञच कागद पाहू शकतात. अशी तरतूद नसलेल्या कोर्टांत असा आदेश स्वतंत्र अर्ज करून मागावा लागतो. झेरॉक्सवाल्याकडे, टायपिस्टकडे, किंवा चुकीच्या ईमेल पत्त्यावर गुपित गेले तर नुकसान तुमच्या हातून झालेले असते. काळी पट्टी ओढलेल्या पीडीएफमधला मजकूर खालून कॉपी होतो का, हे पाठवण्याआधी स्वतः करून पाहा.

समोरच्याला न ऐकता आदेश मागत असाल तर आपल्याविरुद्ध जाणारी वस्तुस्थितीही सांगा. ती लपवल्याचे उघड झाले की बाकी केस चांगली असूनही हुकूम उठतो. असा आदेश मिळाल्यावर अर्ज, दावा व कागद लगेच प्रतिवादीला पाठवून, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागते (आदेश ३९, नियम ३). आदेश मिळाल्याच्या आनंदात ज्युनियर हे विसरतो आणि प्रतिवादीला पहिला मुद्दा फुकट मिळतो.

दाव्यासोबत ताब्यातले सर्व संबंधित कागद द्यायचे असतात, गैरसोयीचे कागदही. दावा तातडीने दाखल केला असेल तर उरलेल्या कागदांसाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही.

पायरी ६: दुसऱ्या बाजूनेही काम करा

नेहमी कंपनीच्याच बाजूने उभे राहणारा वकील अर्धाच तयार होतो. नोकरी सोडणाऱ्या इंजिनियरचे वकीलपत्र घ्याल तेव्हा त्याला पहिल्याच भेटीत सांगा: काहीही पुसू नका. घाबरून फोल्डर डिलीट केले की साध्या केसला लपवाछपवीचा रंग येतो. त्याच्याकडे काय आहे याची यादी करा, ते परत देण्याची तयारी वकिलामार्फत लेखी कळवा.

बचाव तीन दिशांनी उभा राहतो. ही माहिती बाजारात उपलब्ध आहे. हे माझे कौशल्य आहे, कंपनीचे गुपित नाही. आणि कंपनीने ती कधी जपलीच नाही. तिन्हींसाठी कागद लागतात: जुनी प्रकाशने, स्पर्धकांची दरपत्रके, अशिलाच्या आधीच्या नोकरीतले काम.

कमर्शियल दाव्यात लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि कोर्टाने मुदत वाढवली तरी १२० व्या दिवसापर्यंतच. त्यानंतर हक्क संपतो, दंड भरूनही परत मिळत नाही. समन्स आल्याची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून ठेवा.

कंपनीकडून काम करताना "आधी एफआयआर करू, म्हणजे तो ताळ्यावर येईल" असा आग्रह होतो. गुन्हा खरा असेल तर तक्रार जरूर करा, पण दाव्यातली आणि फिर्यादीतली हकिकत शब्दशः जुळली पाहिजे. घाईत लिहिलेल्या फिर्यादीतली एक चुकीची तारीख तीन वर्षांनी उलटतपासात समोर येते.

पायरी ७: पहिल्या पाच वर्षांत काय कमवायचे

पहिल्या दोन वर्षांत दावे, प्रतिज्ञापत्रे, तारखांचे तक्ते. तिसऱ्या वर्षापासून साक्षीपुरावा हट्टाने मागून घ्या. व्यापारी गुपितांचे वाद बहुधा अंतरिम आदेशावरच मिटतात, त्यामुळे पूर्ण चाललेला खटला हाताळलेले वकील कमी सापडतात. उलटतपासाची सवय लागावी म्हणून साध्या वसुलीच्या दाव्यांतही उभे राहा. सोबत एखादे तांत्रिक क्षेत्र धरा, रसायने, सॉफ्टवेअर किंवा वाहनांचे सुटे भाग. फॉरेन्सिक अहवाल आणि प्रक्रियेचा फ्लोचार्ट स्वतः वाचता आला पाहिजे, नाहीतर तज्ज्ञ सांगेल तेच कोर्टात बोलावे लागते.

सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील, व्हायचे असेल तर चार वर्षांच्या वकिलीनंतर एक वर्षाचे प्रशिक्षण आणि मग परीक्षा. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी घ्यायची असेल तर बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली थांबवावी लागते आणि तसे कौन्सिलला कळवावे लागते. ते न कळवता राहिलात तर पुढे परत वकिलीत येताना सनदेचाच प्रश्न उभा राहतो, म्हणून नेमणूकपत्रावर सही केलेल्या आठवड्यातच अर्ज द्या.